भाव न करता घेतलेल्या सपाता

स्वीचू वन्संना भाव करता येत नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

पर्थहून येऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांत मलाक्काच्या चिनी गल्लीतलं एकही दुकान त्यांनी सोडलं नव्हतं. दुकानदार बारा म्हणाला की बारा, वीस म्हणाला की वीस, आणि वर हसून आभार! ज्या गल्लीत बोंगनिओ बावन्न वर्षं ताठ मानेनं खरेदी करत आल्या, जिथे त्यांची काळी छत्री कोपऱ्यावर दिसली की दुकानदार आपणहून किंमत खाली आणत, त्याच गल्लीत त्यांची सख्खी नणंद एखाद्या जहाजावरून उतरलेल्या प्रवाशासारखी लुटली जात होती. गल्लीत लहानथोर सगळे बोंगनिओंना मानानं 'बिबिक' म्हणत. पण काल चहावाला त्यांना 'पर्थवाल्या बाईंच्या वहिनी' म्हणाला. तो घोट बिबिकच्या घशाखाली उतरला नाही.

"वन्सं, आज काय आणलंत?" त्यांनी दारातच विचारलं.

"फ्रीजवर चिकटवायचं देऊळ, वहिनी. आपल्या गल्लीतलंच आहे. किती गोड केलंय बघा."

"देऊळ फ्रीजवर? आणि देव कुठे, भाजीच्या कप्प्यात?"

वन्सं हसल्या. पिशवीतून त्यांनी लाल पट्ट्याच्या लाकडी खडावा काढल्या.

"या आपल्या न्हाणीतल्याच ना हो? मागच्या दारी तीन जोड पडलेत. फुकट नेल्या असत्यात."

"शेजारणींना द्यायच्यात. जुन्या कशा देऊ?"

"किती दिलेत?"

"अठरा."

बिबिकनी खांब धरला. "अठरात तो तुम्हाला कडेवर घेऊन घरी सोडून गेला असता!"

"असू दे ना," वर्तमानपत्रामागून किमटेक म्हणाले. बिबिकचे यजमान लग्नापासून वर्तमानपत्रामागेच राहत. "चार दिवस आलीय बिचारी."

"चार दिवसांत बावन्न वर्षांचा भाव बिघडवून ठेवलाय तुमच्या बिचारीनं! उद्या मी कोळंबीचा भाव विचारायला गेले तर कोळीण मला खुर्ची देईल."

खरं दुखणं खडावांचं नव्हतं. ते सपातांचं होतं.

या घरात मण्यांच्या सपातांचा एक जोड होता. सासूबाईंनी स्वतःच्या लग्नासाठी तो स्वतः भरला होता. मोहरीएवढे काचेचे मणी, एकेक सुईनं ओवून वर मोराच्या पिसाऱ्यासारखी शेपटी असलेला पक्षी, भोवती पिवळी फुलं आणि डाव्या पायावर एका पानात एकच मणी तिरपा. त्या कामाला दीड वर्ष लागलं होतं. बिबिकनी लग्नाच्या दिवशी तो जोड पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, हे पायात घालायचं कसं, याला तर नमस्कार करायला हवा. आणि सासूबाईंनी तो जोड पोटच्या मुलीला न देता थोरल्या सुनेच्या पुढ्यात ठेवला. स्वीचू तेव्हा सोळा वर्षांची होती.  पुढे शिकली, पर्थला गेली, लग्न केलं, विधवा झाली. सपातांचं नाव तिनं आजवर काढलं नव्हतं. कुणी एखादी गोष्ट इतकी वर्षं मागत नसेल, तर ती मनातून गेलेली नसते, हे बिबिकना शाळेत दोनच इयत्ता करूनही कळत होतं. म्हणून वन्सं आल्या की त्या कपाटाची किल्ली कमरेला लावत.

पण अलीकडे सासूबाई स्वप्नात येऊ लागल्या होत्या. तीनदा आल्या, तिन्हीदा अनवाणी. काही बोलल्या नाहीत, नुसत्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. जिवंतपणीही त्यांना न बोलता घर हलवता येत असे. या शनिवारी त्यांचं श्राद्ध होतं. पूर्वजांना लागेल ती वस्तू कागदाची करून जाळली की ती तिकडे पोचते, ही साधी गोष्ट. म्हणून तीन महिन्यांपूर्वीच बिबिकनी कपाटातलं सपातांचं गाठोडं अठरा वर्षांनी काढलं, न सोडता तसंच छातीशी धरून उंगच्या दुकानात नेलं.

उंग मृतांसाठी कागदाच्या वस्तू करायचा. घरं, मोटारी, पंखे, दातांच्या कवळ्यासुद्धा. त्याचा बापही तेच करायचा. सासूबाईंनी जिवंतपणीच स्वतःसाठी त्याच्याकडून कागदाचं घर करून घेतलं होतं आणि स्वयंपाकघर लहान आहे म्हणून दोनदा परत पाठवलं होतं.

"यासारखा जोड हवा," बिबिक म्हणाल्या. "नवा कोरा. त्यांनी पहिल्या दिवशी घातला तसा."

उंगनं गाठोडं सोडलं आणि सपात उजेडाकडे धरून एकेक मणी निरखला.

"तीन महिने द्या, बिबिक."

"सपाता हव्यात, देऊळ नव्हे."

"तुमच्या सासूबाई बघणार आहेत," उंग म्हणाला. बिबिकनी तीन महिने दिले.

गुरुवारी बिबिक न्यायला गेल्या तेव्हा उंग नव्हता. एक मोठं कागदी घर पोचवायला दुसऱ्या गावी गेला होता. गल्ल्यावर त्याची सून फोंग बसली होती. लाल कापडावर तीन जोड मांडलेले होते.

"तीन कसे?"

"पहिला सासऱ्यांच्या मनासारखा झाला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एक केला," फोंग म्हणाली. "एक तुमचा खरा, एक चांगला कागदाचा, एक बिघडलेला कागदाचा. पण बिबिक, कुठला कुठला ते मला कळत नाही. सासरे म्हणाले, त्या आल्या तर मी येईपर्यंत थांबव."

"तुला नाहीच कळणार. तू बाहेरगावची, मुआरची."

"उद्या संध्याकाळी येतील ते."

"परवा पूजा आहे, आणि मी माझ्याच घरच्या सपाता ओळखायला उंगची वाट बघू?"

बिबिकच्या पिशवीत चष्मा होता. तो त्यांनी पिशवीतच ठेवला. चष्मा त्या फक्त बसचा नंबर वाचायला लावत, तोही आजूबाजूला ओळखीचं कुणी नसेल तर. त्यांनी पहिला जोड उचलला. हाताला जड. पक्षी असा झळाळत होता की आत्ता उडेल. पानातला तिरपा मणी जागच्या जागी. लग्नाचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला.

"हा खरा."

दुसरा जोडही झळाळत होता, पण फुलाच्या एका पाकळीचा पिवळा रंग किंचित गडद होता. "हा कागदाचा. छान केलाय हो मेल्यानं." तिसऱ्याकडे त्यांनी नुसती मान वळवली. मंद, धुरकट, पक्ष्याचा डोळा विझलेला. "आणि हा बिघडलेला. रंग बघ याचा, आजारी माणसासारखा. हा कुणाच्या गळ्यात मारू नकोस, आणि मारलास तर माझं नाव सांगू नकोस."

फोंगनं दोन जोड बांधून दिले. खरा जोड बिबिकनी घरी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

शनिवारी सकाळपासून घर माणसांनी भरलं. चुलत, मावस, आते, मामे. चौकात वर मोकळं आभाळ आणि खाली जाळण्यासाठी पत्र्याचं पिंप. देवघरात सासूबाईंचा फोटो, समोर बारा पदार्थ. काळ्या बियांतलं चिकन, चिंचेतला मासा, सुकटीची चटणी, केळीच्या पानातला गोड भात. सगळ्यांच्या पुढे, लाल कापडावर, कागदाच्या सपाता. ज्यानं त्यानं वाकून बघितल्या आणि ज्यानं त्यानं आवाज खाली आणला.

"कागद आहे हा?" किमटेकनी चक्क वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं.

"हात लावू नका. तुमच्या आईच्या आहेत."

तेवढ्यात वन्सं खोलीतून आल्या. हातात पारदर्शक कागदात गुंडाळलेली एक वस्तू होती. त्यांनी ती देवघरातल्या सपातांशेजारी धरून पाहिली आणि बिबिकनी तो तिसरा, बिघडलेला जोड ओळखला.

"वन्सं! हे कुठून आणलंत?"

"उंगच्या दुकानातून. काल दुपारी. शेल्फावर होत्या."

"मेलेल्यांच्या सपाता विकत घेतल्यात? घरात ठेवल्यात? रात्रभर?"

"कागद आहे, वहिनी. शेजारणीसाठी घेतल्या."

"शेजारणीला मारायचंय का तुम्हाला?" बिबिकचा आवाज वरच्या मजल्यावर गेला. चौकात चौदा माणसं वळून बघू लागली. "जिवंत बाईला मेलेल्यांचं पायताण द्यायचं म्हणजे तिला वाटेला लावणं आहे! पर्थला जाऊन हेही विसरलात? आणि दिलेत किती?"

"चाळीस."

"बिघडलेल्या जोडाचे चाळीस!"

मग बिबिकनी सगळ्यांसमोर निकाल दिला. हा जोडही आजच जाळायचा. सासूबाईंना एक बाहेर जायला, एक घरात वापरायला. अपशकुनी वस्तूला हात नको म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून चिमटा आणला, चिमट्यानं ते पुडकं वन्संच्या हातातून उचललं आणि देवघरात दुसऱ्या जोडाशेजारी ठेवलं.  वन्संचे हात तसेच पुढे राहिले, जसे कुणी मूल काढून घेतल्यावर राहतात. ते फक्त किमटेकनी पाहिलं.

उदबत्त्या लागल्या. उदबत्ती अर्धी झाली की पूर्वजांचं जेवण झालं का ते विचारायचं. विचारायचं म्हणजे दोन जुनी नाणी टाकायची. एक छापा, एक काटा पडला की 'हो'. दोन्ही सारखी पडली की 'नाही'. आणि त्यांचं जेवण झाल्याशिवाय जिवंतांनी ताटाला हात लावायचा नाही. या घरात बिबिकना सासूबाईंचं उत्तर नेहमी पहिल्याच फेकीत मिळे. त्याचा त्यांना अभिमान होता.

"सासूबाई, जेवण झालं?"

छापा, छापा.

"हळू जेवतात त्या," बिबिक म्हणाल्या आणि थांबल्या. पाच मिनिटांनी पुन्हा नाणी पडली. काटा, काटा.

"चटणी कमी पडली असेल," कुणीतरी म्हणालं. चटणी वाढली. छापा, छापा. भात बदलला. काटा, काटा. चहा गरम करून आणला. छापा, छापा. मधुमेहवाले मामा भिंतीला टेकले. पोरं केळीच्या पानांकडे बघून रडायला लागली. एक वाजला. चौकातून ऊन सरळ खाली उतरलं.

"काहीतरी मनात आहे आईच्या," किमटेक म्हणाले. "नीट विचार तिला."

बिबिकनी पदर सावरावा तसं सरोंगचं टोक सावरलं. इतकी वर्षं झाली तरी या फोटोपुढे त्यांचा आवाज सुनेचाच निघे. "सासूबाई, सपातांवरून काही आहे का?"

एक छापा. एक काटा.

 उदबत्तीची राख पडली तीही सगळ्यांना दिसली.

"दोन्ही जोड हवेत?"

छापा, छापा.

"मी करवून घेतलेलाच हवा? एकच?"

एक छापा. एक काटा.

"आणि वन्संनी आणलेला नको?"

एक नाणं लगेच आडवं झालं. दुसरं देवघराच्या फरशीवर गरगर फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हळूच पडलं. एक छापा, एक काटा. मामा भिंत सोडून सरळ उभे राहिले. वन्संनी दोन्ही हात तोंडावर धरले. बिबिकची मान लगेच वर गेली. त्यांना वाटलं, बघा, वर गेल्यावरसुद्धा त्या बाईला भाव न करता घेतलेली वस्तू ओळखू येते!

"घ्या तुमचं," त्यांनी चिमट्यानं पुडकं वन्संच्या ओंजळीत परत टाकलं. "तुमच्या आईनं परत पाठवलंय. सासूबाई, आता झालं जेवण?"

झालं होतं, आणि पहिल्याच फेकीत. पिंपात आधी सोनेरी कागद पेटले, मग त्यावर बिबिकनी सपाता ठेवल्या. पक्ष्याची शेपटी एका टोकाकडून उजळत गेली, निळी, हिरवी, मग सोन्यासारखी, आणि क्षणभर खरंच पंख हलल्यासारखे वाटले. मग ताटांवर सगळ्यांची अशी झुंबड उडाली की पूर्वजांनी तोंड फिरवलं असेल.

दुसरा भात वाढत असतानाच उंग आला. धापा टाकत, अंगात गंजिफ्रॉक, एका पायात वहाण, एक वाटेत गेलेली.

"बिबिक! जाळल्या?"

"जाळल्या की. मस्त पेटल्या. बस, जेव."

उंग खालीच बसला, पण जेवायला नाही. "मी आत्ता गावाहून पोचलो आणि फोंगला विचारलं, कुठला जोड विकलास. ती म्हणाली, जो मंद दिसत होता तो. बिबिक, मी कागदाचे दोन्ही जोड नवे कोरे केले होते. तुम्हीच सांगितलंत, पहिल्या दिवशीसारखे. मंद होता तो खरा. ऐंशी वर्षांचा."

चौदा माणसांच्या हातातले घास थांबले.

"वेड्या, खरा कपाटात आहे. मी स्वतः निवडून आणलाय. हाताला जड होता."

"जड वाटावा म्हणून मीच तळात वाळू भरलीय. तुमच्या सासूबाईंना हलकं काही चालत नसे."

वन्संच्या मांडीवर पुडकं होतं. उंगनं तो पारदर्शक कागद सोडला, एक सपात उचलली आणि न विचारता बिबिकच्या गालाला लावली. भर दुपारी, चौकातल्या त्या उन्हात, काचेचे मणी गार होते. विहिरीतून काढलेल्या पाण्यासारखे गार.

बिबिक उठल्या. वर गेल्या, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं. चष्मा लावला. आतला जोड गालाला लावून पाहिला. तो उबदार होता. कागद. त्यांनी नखानं पक्ष्याचा पंख चाचपला. प्रत्येक मणी कागदाची पट्टी सुईवर गुंडाळून, रंगवून, त्यावर लाख चढवून केलेला. शेकडो. हजारो. मोहरीएवढे. पानातला तिरपा मणीसुद्धा बरोबर तितकाच तिरपा. आणि हे सगळं त्या माणसानं कशासाठी केलं होतं? पिंपात घालून जाळण्यासाठी. त्यांनी आयुष्यभर कुणाच्याही मालाला आधी नाक मुरडलं होतं, ती दुकानात जायची रीतच होती. पण आता त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बराच वेळ त्यांना नाव ठेवायला काही सापडेना.

मग त्यांना ते गरगर फिरणारं नाणं आठवलं, सासूबाईंनी खरा जोड जळू दिला नव्हता हे उमगलं, आणि त्या घाईघाईनं खाली आल्या.

खाली कुणी जेवत नव्हतं. आल्या आल्या बिबिकनी किटली उचलली आणि उंगच्या पेल्यात स्वतःच्या हातानं चहा ओतला. या घरात त्यांनी स्वतः चहा ओतून दिला असा आधीचा माणूस म्हणजे त्यांचा व्याही. उंगनं पेला दोन्ही हातांनी धरला.

"कसे केलेस रे ते मणी?"

"रोज थोडे," उंग म्हणाला. "पहिल्या जोडात पाकळीचा रंग चुकला. तो पाठवला असता तर त्या माझ्या स्वप्नात आल्या असत्या."

तोच जोड बिबिकनी आज सगळ्यांसमोर जाळला होता. कुणाला काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. सासूबाईंनी 'हो' म्हटलं होतं, म्हणजे पाकळी चालली.

"वहिनी," वन्सं सपाता पुढे करत म्हणाल्या. "या घ्या. तुमच्या आहेत. मला खरंच माहीत नव्हतं."

"शेजारणीसाठी घेतल्या होत्यात ना?"

वन्संनी मान खाली घातली. "नाही. शेजारणीला फ्रीजवरचं देऊळ आहे. या मला हव्या होत्या. आईच्या तुमच्याकडे आहेत, त्या कशा मागू? म्हटलं, कागदाच्या का होईना. आईच्या पायांसारख्या दिसतात."

"त्यात काय एवढं," मामा म्हणाले. त्यांच्या पोटात आता भात गेला होता. "नाणी टाका. विचारा तिलाच, खऱ्या कुणाच्या."

बिबिकनी देवघरावरची नाणी उचलली. फोटोतल्या सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या, जशा लग्नाच्या दिवशी सपाता पुढ्यात ठेवून बघत होत्या. बिबिकनी त्याच दिवशी त्या सपाता पहिल्यांदा आणि शेवटचं घातल्या होत्या. दोन बोटं लहान होत्या. टाचेला फोड आले होते. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी नाणी सरोंगच्या कनवटीला खोचली. "सासूबाई झोपल्या आता. सकाळपासून दहा वेळा उत्तर दिलंय त्यांनी, आणखी किती छळायचं? वन्सं, घाला बघू पायात."

"मी?"

"मग काय मामांनी?"

वन्संनी सपाता घातल्या. त्या मापानं शिवल्यासारख्या बसल्या. टाचेपासून बोटापर्यंत सासूबाईंचे पाय. वन्सं चौकातल्या फरशीवरून चार पावलं चालल्या, वळल्या, परत आल्या. उन्हात तो विझलेला पक्षी एकदम जागा झाला, आणि अनवाणी सासूबाई आता स्वप्नात येणार नाहीत हे बिबिकना कळलं. किमटेकनी डोळे पुसायला वर्तमानपत्र शोधलं.  सगळे बिबिककडे बघत होते.

 बिबिकनी किल्ली कमरेला परत अडकवली, तिची आता गरज नव्हती तरी.

"वन्सं, एक सांगू? तुम्हाला लुटलं. आणखी पाच मिनिटं दारात उभ्या राहिल्या असतात ना, तर त्या मुआरच्या पोरीनं त्या पंचवीसला दिल्या असत्या."